पिशवी काढायच्या आधी

विहारात रविवारची वंदना संपली की एखादी ताई आम्हाला बाजूला घेते. पदराआडून सोनोग्राफीचा कागद काढते. "डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. काढू का?" कागदावर लिहिलेलं असतं 'अ‍ॅडेनोमायोसिस'.

हा कॅन्सर नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरतं आणि पाळीला तिथेही सूज येते. म्हणून पोट पिळवटतं, अंगावरून फार जातं, पिशवी जाड होते. पाळी कायमची गेल्यावर हा त्रास बहुधा आपोआप ओसरतो. तोवर निभावून न्यायला औषधं आहेत, हेच आपल्या बायांना कुणी सांगत नाही. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांचा प्रकार उघड झाला. चाळिशीच्या आतल्या कितीतरी जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या.

दुखण्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिड, तेही जेवून. अल्सर किंवा किडनीचा आजार असेल तर नको. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत. पूर्वी पायात किंवा छातीत रक्ताची गुठळी झाली असेल तर तसं आधी सांगा. डायनोजेस्ट, नॉरइथिस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या. त्या बरं वाटलं म्हणून मनाने सोडू नयेत. वॉर्डात असताना आम्ही पाहिलंय, गोळी सुटली की रक्त पुन्हा सुरू. मूल हवं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, औषध त्यावर ठरतं.

आमच्या मते सर्वांत कामाची हार्मोनची तांबी. "तांबीने रक्त वाढतं," असं सासवा सांगतात. तांब्याच्या तांबीबाबत ते खरंच आहे. हिच्यात तांबं नसतं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, आणि ती निदान पाच वर्षं चालते. पहिले तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग पडतात. इथेच बाया घाबरून ती काढून घेतात! पुढे पाळी कमी होते, कधी थांबते. आत घाण साचत नाही, अस्तरच पातळ होतं. महाग आहे, म्हणून आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर लोहाची गोळी, आणि तिच्यावर लगेच चहा नको.

औषधांनी भागलं नाही तर ऑपरेशन आहेच. पण पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित झाली, किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर आधी अस्तराचा तुकडा तपासून घ्या. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मजुरी बुडाली तरी.