परिचारिकेची दुखापत आणि रजा : गैरसमज व वस्तुस्थिती

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्याच्या परिसरात परिचर्येचे काम दोन अगदी भिन्न ठिकाणी चालते : एक ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात व प्रसूतिकक्षात, आणि दुसरे केळघर घाटाच्या बाजूच्या वाड्यांपासून बामणोलीकडे शिवसागर जलाशयाच्या काठापर्यंत विखुरलेल्या वस्त्यांमध्ये. वॉर्डातील अधिपरिचारिकेची, म्हणजे रुग्णांची थेट शुश्रूषा करणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेची, कंबर रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना धरते. उपकेंद्रावर नेमलेली आरोग्यसेविका पावसाळ्यात दुचाकी घसरून किंवा निसरड्या पायवाटेवर पडून मनगट अथवा घोटा मोडून घेते. दुखापती निरनिराळ्या असल्या, तरी त्यानंतर घ्यावयाच्या रजेविषयी दोन्हीकडे एकाच जातीच्या समजुती आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ दुखापत ही जखमी झालेल्या व्यक्तीचीच चूक असते या गृहीतकात आहे.

कंबरेच्या दुखापतीबाबत हे गृहीतक विशेष बळकट आहे. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचलले असते तर काही झाले नसते, असे वरिष्ठ म्हणतात आणि जखमी परिचारिकाही ते मान्य करते. वस्तुस्थिती अशी की, उचलण्याच्या तंत्राचे केवळ प्रशिक्षण दिल्याने पाठीच्या दुखापती टळतात याला भक्कम पुरावा नाही. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन परीक्षणाचा निष्कर्ष तसाच आहे. रुग्ण हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा अनुकूल स्थितीतही सुमारे 16 किलो असल्याचे 2007 मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासकांनी मांडले. रुग्ण म्हणजे पोते नव्हे. तो मध्येच घाबरून गळ्यात हात टाकतो, सलाईनची नळी ओढली जाते, खाट भिंतीला लागून असल्याने एकाच बाजूने वाकावे लागते. पन्नास-साठ किलोच्या रुग्णाला दोन जणींनी उचलले, तरी प्रत्येकीवर पडणारा भार या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. म्हणून खरा उपाय सरकवण्याची गुळगुळीत चादर, उंची बदलता येणारी खाट आणि पुरेसे हात हा आहे. भिंतीवरील सूचनाफलकाने तो साधत नाही.

या गृहीतकाचा खरा तोटा आर्थिक आहे. चूक आपली म्हणून दुखापतीची लेखी नोंद होत नाही, आणि नोंद नसल्याने पुढची सगळी रजा स्वतःच्या खात्यातून जाते. ‘मेडिकल टाकली’ म्हणजे प्रश्न संपला, असे बहुतेक कार्यालयांत मानले जाते. परंतु वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळणारी परिवर्तित रजा ही मुळात अर्धपगारी रजेचे रूपांतर असते. अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते आणि पूर्ण पगारावर घेतलेल्या प्रत्येक दिवसासाठी तिच्यातून दोन दिवस वजा होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये मात्र विशेष विकलांगता रजा नावाची स्वतंत्र तरतूद आहे. येथे विकलांगता याचा अर्थ कायमचे अपंगत्व असा नसून दुखापतीमुळे काम करण्यास आलेली असमर्थता असा आहे. हेतुपुरस्सर केलेल्या इजेसाठी, उदाहरणार्थ कर्तव्यावर असताना झालेल्या मारहाणीसाठी, नियम 75 आहे. कर्तव्य बजावताना अपघाताने झालेल्या इजेसाठी नियम 76 आहे. एका दुखापतीमागे ही रजा जास्तीत जास्त 24 महिने मिळू शकते, पहिल्या 120 दिवसांत अर्जित रजेइतके व त्यानंतर अर्धपगारी रजेइतके वेतन मिळते, आणि ती साधारणतः रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तिच्यासाठी दोन अटी महत्त्वाच्या आहेत : असमर्थता घटनेपासून सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत प्रकट झालेली असावी, आणि ती कर्मचाऱ्याने तत्परतेने निदर्शनास आणलेली असावी. नियम 76 खाली असमर्थता आजारामुळे आलेली असेल, तर ती थेट कर्तव्यामुळेच आल्याचे प्राधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्रही लागते. कंबरेची चमक पहिल्या दिवशी किरकोळ वाटते आणि तिसऱ्या आठवड्यात पाय बधिर होतो, तेव्हा नोंदीअभावी नेमक्या याच अटी आड येतात.

खाजगी रुग्णालयातील परिचारिकेला असले काही नसते, हाही अर्धाच खरा समज आहे. राज्य कामगार विमा योजनेच्या (ईएसआय) कक्षेत येणाऱ्या आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यास कामावरील दुखापतीसाठी तात्पुरत्या असमर्थतेचा लाभ मिळतो, तो सरासरी दैनिक वेतनाच्या सुमारे 90 टक्के असतो आणि असमर्थता टिकेपर्यंत चालू राहतो. साध्या आजारपणाच्या लाभासाठी लागते तशी ठरावीक काळ वर्गणी भरल्याची अटही येथे नाही. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, 2010 च्या दुरुस्तीपासून याच कक्षेत येतो. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून निघालेल्या परिचारिकेसाठी ही तरतूद विशेष मोलाची आहे. मूळ 1948 च्या कायद्यातील ही रचना 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राखण्यात आली आहे.

सर्वांत दुबळी बाजू मात्र आशा स्वयंसेविकांची आहे. त्यांना कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले जात असल्याने व मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळत असल्याने, घोटा मुरगळून महिनाभर घरी बसावे लागले तर रजा नव्हे, केवळ खाडा होतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेतून अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. बऱ्या होणाऱ्या दुखापतीत बुडालेल्या दिवसांना त्यात स्थान नाही. या बाबतीत गैरसमज दूर करण्यासारखे काही नाही, कारण येथे उणीव व्यवस्थेचीच आहे.

रजा मिळाल्यावर ती कशी घालवावी, याविषयीची समजूतही तपासावी लागते. ‘गादी सरकली’ असे म्हणताच घरची मंडळी पंधरा दिवस पाटावर झोपण्याचा सल्ला देतात. गादी म्हणजे दोन मणक्यांमधील चकती. ती जागेवरून सरकत नाही, तर तिचा काही भाग फुगून किंवा फाटून बाहेर येतो व जवळच्या मज्जातंतूवर दाब आणतो. असा त्रास बहुतेकांत शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ओसरतो. साध्या कंबरदुखीसाठी दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना 1986 मध्ये अमेरिकेत झाली, तेव्हा दोन्ही गटांचा त्रास सारखाच कमी झाला, पण कमी झोपून राहिलेल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरील 1995 च्या अभ्यासात तर झेपेल तेवढी नेहमीची हालचाल चालू ठेवणारे, झोपून राहणाऱ्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर सुधारले. यावरून रजेची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये. घरात चालणे-फिरणे आणि वॉर्डात रुग्ण उचलणे यांत मोठे अंतर असते. रजा दुसऱ्यापासून वाचण्यासाठी घ्यावयाची आहे, पहिले टाळण्यासाठी नव्हे. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसली, तर मात्र त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचणे आवश्यक असते.

याच्या उलट टोकाचा समज हाडाच्या दुखापतीत आढळतो : प्लास्टर निघाले की परिचारिका कामाला मोकळी. मनगटाचे मोडलेले हाड साधारण सहा आठवड्यांत जुळते, परंतु मुठीची पकड आणि मनगटाची फिरत पूर्ववत होण्यास त्यापुढे कित्येक महिने लागतात, आणि नवजात बाळाला पुनरुज्जीवन देणाऱ्या किंवा रुग्णाला आधार देणाऱ्या हातात पकड नसेल तर धोका दोघांनाही असतो. म्हणून फिटनेस प्रमाणपत्रात केवळ ‘योग्य’ असे न लिहिता, काही आठवडे रुग्ण उचलणे वा एकट्याने रात्रपाळी करणे वर्ज्य असल्यास तसे स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे असते.

सुईच्या टोचणीचे गणित याहून वेगळे आहे. तिच्यासाठी रजा सहसा लागत नाही, पण वेळ फार मोलाची असते. एचआयव्हीबाधित रक्ताच्या टोचणीतून लागण होण्याची शक्यता हजारांत सुमारे तीन असते. जखम पिळण्याऐवजी साबण-पाण्याने धुऊन, शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागतात व ती 28 दिवस घ्यावी लागतात. पाळी संपल्यावर पाहू, असे म्हणणे येथे महागात पडते.

आपण रजेवर गेलो तर इतर सिस्टरांची कुचंबणा होईल, ही भावना गैरसमज म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही, कारण लहान रुग्णालयात ती प्रत्यक्षात होतेच. तथापि परिचारिकांची पदसंख्या ठरवण्याच्या भारतीय निकषांत रजा-राखीव म्हणून 30 टक्के जादा पदे गृहीत धरलेली आहेत. रजेने वॉर्ड कोलमडत असेल, तर ती पदे निर्माण किंवा भरली न गेल्याचा तो परिणाम असतो, आणि त्याचे उत्तर जखमी परिचारिकेकडे मागणे अन्यायाचे आहे. दुखापत कायमची ठरली तर नोकरी जाईल, ही भीती मात्र निराधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला काढून टाकता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम झेपत नसल्यास त्याच वेतनावर दुसरे पद, आणि तेही नसल्यास अधिसंख्य पद, म्हणजे त्या व्यक्तीपुरते निर्माण केलेले जादा पद, द्यावे लागते.

म्हणून कंबरेत चमक भरली किंवा पायवाटेवर पाय घसरला, तर त्याच दिवशी वेळ, ठिकाण, चालू असलेले काम आणि जवळ असलेल्या सहकाऱ्यांची नावे लिहून अर्ज कार्यालयात द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावरही दुखापत कामावर झाल्याचा उल्लेख करवून घ्यावा.