ठेकेदाराच्या बाईलाही बाळंतपणाची रजा

खोपोलीच्या कारखान्यांपासून कर्जतच्या रिसॉर्टांपर्यंत बायकांना ऐकवलं जातं, "तू ठेकेदाराची, तुला कसली रजा?" हे साफ चूक आहे.

दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर राबणाऱ्या रोजंदारीच्या बायकांनाही पगारी प्रसूती रजा नाकारली होती; नाव मस्टरवर, नोकरी कायम नाही, हे कारण. त्यांच्या युनियनने दाद मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल बायकांच्या बाजूने लागला, तरी पालिका सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली आणि 8 मार्च 2000 रोजी तिथेही हरली. रोजंदारीवरची बाईही हक्कदार ठरली. दिवस भरत आलेल्या बाईला अंगमेहनतीला जुंपता येणार नाही, असंही कोर्टाने बजावलं.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम भरलं, की पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा. तिसऱ्या वेळी काहीच नाही, हाही गैरसमज. 12 आठवडे मिळतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1961च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आकडे तेच राहिले. दुकान किंवा हॉटेलात मात्र किमान 10 कामगार हवेत. चार माणसांवर चालणाऱ्या फार्महाऊसवरची बाई त्यातून सुटते, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो.

"नोटीस दिली की मालक मोकळा" हेही खरं नाही. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, आणि मुदत रजेतच संपेल अशी नोटीस देणंही. मात्र अपील 60 दिवसांच्या आत करावं लागतं. तोंडी निरोपावर घरी बसलेल्या बाईचे हे दिवस बघता बघता निघून जातात. म्हणून रजेचा अर्ज लेखीच द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची स्लिप यांचे फोटो आधीच काढून ठेवावेत. 80 दिवस त्यांतूनच सिद्ध होतात.

उलटा गैरसमजही आहे. आजारी आईच्या किंवा मुलाच्या सेवेसाठी कायद्याने वेगळी रजा मिळते, असं काहींना वाटतं. अमेरिकेत 1993च्या कायद्याने 12 आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, ती नाकारली म्हणून तिथले नोकरदार मालकावर दावे लावतात. आपल्याकडे खासगी नोकरीत तशी तरतूद नाही. साठलेली हक्काची रजा वापरावी लागते. स्वतःच्या आजारपणाचं वेगळं: ईएसआयचा विमा असेल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते.