‘फ्युरी’ : लेकीसाठी रस्त्यावर उतरलेली आई

मुलगी पळवली जाते आणि आई तिच्यामागे धावते. ‘फ्युरी’ या व्हिएतनामी चित्रपटाची कथा एवढीच. पण २०१९ साली या चित्रपटाने त्या देशात कमाईचा तोपर्यंतचा उच्चांक मोडला आणि व्हिएतनामने त्या वर्षी ऑस्करसाठी तोच धाडला. मूळ नाव ‘हाय फुओंग’, म्हणजे नायिकेचेच नाव. दिग्दर्शक ले व्हान किएत. नायिका झालेली व्हेरोनिका न्गो हीच निर्मातीही आहे.

हाय फुओंग ही कोणी सती-सावित्री नव्हे. पूर्वी ती सायगावात गुंडगिरी करीत होती. आता कान थो भागातल्या खेड्यात एकटी मुलीला वाढवते आणि पोटासाठी सावकाराची वसुली करते. दारात उभा राहणारा वसुलीवाला आपल्या वस्त्यांना चांगला ठाऊक आहे. इथे तो माणूस म्हणजे एक बाई आहे, एवढाच फरक. आईच्या या धंद्यापायी आणि बाप नाही म्हणून शाळेत मुलीला, माईला, टोमणे खावे लागतात. बाजारात माईवर चोरीचा आळ येतो, तेव्हा सख्खी आईसुद्धा क्षणभर तिच्यावर शंका घेते. पोर रुसून बाजूला होते आणि तेवढ्यात तिला उचलतात. या प्रसंगाला मी शंभर मारामाऱ्यांपेक्षा अधिक गुण देईन. पुढे आई जी जिवावर उदार होते, तिच्या रागात तो पश्चात्ताप मिसळलेला आहे.

मारामारी अस्सल वाटते. १९३८ मध्ये हनोईत सुरू झालेली व्होव्हिनाम ही तिथली युद्धकला. नायिका ती बापाकडून शिकलेली. आपल्या हिंदी हीरोसारखी एका ठोशात दहा माणसे ती उडवीत नाही. ती मार खाते, धापा टाकते, पडते, पुन्हा उठते. टोळीची म्होरक्या थान्ह सोई हीसुद्धा बाईच. पहिल्या भेटीत ती नायिकेला साफ लोळवते.

उणिवा मात्र झाकण्यासारख्या नाहीत. टोळी मुलांच्या अवयवांचा व्यापार करते. एवढा भयंकर विषय, पण त्यामागे कोण पैसा ओततो, गरिबांचीच मुले का सापडतात, यावर चित्रपट गप्प! रेल्वेगाडीत कोंडलेली बाकीची मुले नुसती गर्दी म्हणून दिसतात. त्यांच्या आया कुठे आहेत? जिच्या जोरावर हाय फुओंगचे घर चालत होते त्या सावकारीचाही पाठलाग सुरू झाल्यावर विसर पडतो. थान्ह सोई क्रूर का झाली हेही कळत नाही. तिची पूर्वकथा सांगायला २०२२ च्या अखेरीस ‘फ्युरीज’ हा वेगळा चित्रपट काढावा लागला. तो न्गोनेच दिग्दर्शित केला. पोलीस अधिकारी तर कथेला गरज पडेल तेव्हा बरोबर हजर होतो. शहरातले जांभळे-हिरवे दिवे पाहून डोळे दिपतात, पण सुरुवातीच्या नदीकाठच्या गावाचा जिवंतपणा त्यात नाही.

घरात लहान मुले असतील तर ती झोपल्यावरच पाहावा, रक्तपात बराच आहे. वयात आलेल्या मुलींना मात्र जवळ बसवा. आणि बाजाराचा तो प्रसंग आला की आपल्या लेकीच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहा.