सिद्धगडची साक्ष

आमच्या घरोघरी लोकमान्यांची तसबीर असते. परंतु भाई कोतवाल कोण, असे विचारले तर वडीलधारी मंडळीही क्षणभर घुटमळतात. वास्तविक आम्हां भातसानगरकरांस सिद्धगड काही परका नव्हे. तो शेजारच्या मुरबाड तालुक्यातच आहे. २ जानेवारी १९४३ रोजी तेथील रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई व त्यांचे सहकारी हिराजी पाटील धारातीर्थी पडले. गेल्या वर्षी येथील नववीच्या सहा विद्यार्थ्यांनी भाईंविषयी शोध करून, आवाज, छायाचित्रे व चलच्चित्रे एकत्र गुंफून एक छोटा पट सिद्ध करण्याचे मनावर घेतले. आणि आम्ही सेवानिवृत्त, म्हणजे रिकामटेकडे, म्हणून आम्हांस सल्लागार नेमिले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कुळांस सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांतून शाळा चालविल्या. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होऊन त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडिले. मुलांस अर्थातच मनोरेच प्रिय! धान्यकोठीचे चित्र कसे काढावयाचे, अशी त्यांची तक्रार. परंतु ज्या माणसाच्या शब्दावर गावेच्या गावे आपला जीव धोक्यात घालतात, त्याने तो विश्वास आधी कोठे मिळविला, हे त्या कोठीवाचून कळणार कसे?

पहिल्या आवृत्तीत भाईंच्या तोंडी एक तडफदार भाषण होते. ते एका मुलाने स्वतःच रचून संगणकाकडून भारदस्त आवाजात म्हणवून घेतले होते. ऐकताना आमच्याही अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे. तेवढ्यात एका मुलीने विचारिले, "हे ऐकलं कोणी?" भाषण गेले.

अमेरिकेत कॅन्सास प्रांतातील काही शाळकरी मुलींनी १९९९ मध्ये असाच शोध आरंभिला. वॉर्साच्या बंदिस्त वस्तीतून ज्यू बालकांस बाहेर काढणाऱ्या इरेना सेंडलर हा त्यांचा विषय. बाई हयात असल्याचे त्यांस कळले व २००१ मध्ये त्यांची समक्ष भेटही झाली. आमच्या मुलांस हे भाग्य कोठून? त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मनुष्य आज नव्वदीपार गेलेला असावयाचा.

तरी मुले मुरबाडवरून म्हशामार्गे नारिवलीकडे गेली. त्या बाजूच्या एका वृद्धाने, आपल्या वडिलांकडून ऐकिलेले, रानात भाकऱ्या कशा पोहोचत ते फार सुरेख सांगितले. आणि यंत्र चालू असतानाच, लपण्याची जागा पोलिसांस कळविणाऱ्याचे म्हणून एक नाव घेतले. त्या आडनावाची मुले आजही आसपासच्या शाळांत शिकत आहेत.

येथे सहा जणांत तट पडले. "फितुराचं नाव झाकायचं, मग इतिहास कशाला?" असे एकाचे म्हणणे, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हते. आम्ही त्यांस आमच्या जुन्या शास्त्रातील एक शब्द सांगितला: ऐतिह्य. ज्याचा मूळ वक्ता ठाऊक नाही, अशी परंपरेने आलेली गोष्ट म्हणजे ऐतिह्य. नैयायिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. वक्ता विश्वासू ठरला तरच ते शब्दप्रमाणात बसते. "तुझ्या आजोबांस हे कोणी सांगितले?" एवढेच त्या वृद्धास पुन्हा विचारून या, असे आम्ही म्हटले. मुले पुन्हा गेली. म्हातारा म्हणाला, "सगळेच म्हणत."

नाव गाळिले. तो मुलगा मात्र रुसला. पटाच्या शेवटी आपले नाव घालू नका म्हणाला आणि तसेच झाले. भाकऱ्यांची हकीकत ठेविली, "वडिलांकडून ऐकलेली" अशी नोंद करून. मूळ ध्वनिमुद्रण पुसावे की जपावे, यावर आणखी दोन सायंकाळी गेल्या. अखेर तारीख घालून ते एका लहानशा पेनड्राइव्हमध्ये आमच्या स्वाधीन केले गेले. आमच्या कपाटात, अमरकोशाच्या मागे, ते पडून आहे. आम्ही अद्यापि ऐकलेले नाही.