कुत्र्यांच्या स्नायुवेदना व मर्दनोपचार

कुत्र्याला बोलतां येत नाहीं, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याला आपलें दुखणें लपवितां येतें, ही तितकीच खरी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. पायांत कांटा रुतला किंवा शेपटीवर कोणाचा पाय पडला, तर तो केकाटतो. पण महिनोन्महिने खुब्यांत किंवा पाठींत ठणकत राहणाऱ्या वेदनेविषयीं तो अवाक्षरहि काढीत नाहीं. सकाळीं तो अंग आखडून उठतो, जिन्याच्या पायथ्याशीं क्षणभर घुटमळतो, आणि ज्या कोचावर पूर्वीं एका उडींत जाऊन बसे, त्याच्यापाशीं आतां नुसता उभा राहतो. घरचीं माणसें म्हणतात, "म्हातारा झाला बिचारा!" एखादे वेळीं पाठीवर हात ठेवणाऱ्या मुलावर तो गुरगुरतो, मग तो चिडका झाला, असा ठपका त्याच्यावर येतो. वास्तविक वार्धक्य हा रोग नव्हे आणि गुरगुरणें हा पुष्कळदां स्वभावदोषहि नव्हे. या दोहोंच्या मागें न सांगितलेली वेदना असूं शकते. ती ओळखण्याच्या व कांहींशी हलकी करण्याच्या कामीं माणसाचा हात कितपत उपयोगीं पडतो, आणि कोठें त्यानें थांबलेंच पाहिजे, हें समजून घेणें कुत्रें पाळणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचें आहे.

त्यासाठीं प्रथम कुत्र्याच्या शरीराची ठेवण पाहिली पाहिजे. उभा असलेला कुत्रा आपल्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के भार मागच्या पायांवर पेलतो. माणसाच्या खांद्याला हांसळीच्या हाडाचा आधार असतो. कुत्र्याला तसें कामाचें हाड नाहीं. त्याचे पुढचे पाय छातीच्या पिंजऱ्याशीं कोणत्याहि हाडांच्या सांध्यानें जोडलेले नसून केवळ स्नायूंनीं बांधलेले असतात. जणूं स्नायूंच्या झोळींत त्याचें धड टांगलेलें असतें. आतां मागच्या खुब्यांत दुखूं लागलें, कीं कुत्रा नकळत आपला भार पुढें सारतो. खांदे व मान यांच्या स्नायूंवर दुहेरी काम पडतें; ते ताठरतात व दुखरे होतात. उलट मागच्या मांड्यांना काम उरत नाहीं, म्हणून त्या रोडावतात. टाच दुखणारा माणूस पाय वांकडा टाकून चालतो आणि चार दिवसांनीं त्याची कंबर धरते; त्यांतलाच हा प्रकार. दुखण्याचें मूळ एकीकडे आणि त्याचा त्रास भलतीकडे, अशी ही स्थिति असते.

हें मूळ बहुधा सांध्यांत असतें. सांध्यांतील कूर्चा झिजून होणारा संधिवात कुत्र्यांत फार आढळतो. एका वर्षावरील कुत्र्यांपैकीं सुमारें पांचांत एकाला तो असतो, असा अमेरिकेंतील पशुवैद्यांचा नेहमीं दिला जाणारा अंदाज आहे. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर अशा थोराड जातींत खुब्याची खोबण उथळ राहण्याकडे कल असतो. कुत्र्यांतील या दोषाचें वर्णन अमेरिकन पशुवैद्य श्नेल यांनीं १९३५ सालीं केलें. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते, तर लांब पाठीच्या डॅक्सहुंडांत मणक्यांमधील चकती दगा देते. कारणें निरनिराळीं असलीं, तरी स्नायूंची कहाणी सर्वत्र एकच: दुखऱ्या सांध्याला सांभाळण्यासाठीं भोंवतालचे स्नायू सतत आंवळून राहतात, आणि अखेर तेच दुखूं लागतात.

मर्दनाची विद्या आपणांकडे नवी नाहीं. तान्ह्या बाळाला न्हाऊं घालण्यापूर्वीं रगडणारी आजी, दिवाळींतील अभ्यंग, तालमींतील मल्लांची मालीश आणि घोड्याला खरारा करणारा मोतद्दार हीं सर्व तिचींच रूपें होत. पाश्चात्य देशांत एकोणिसाव्या शतकांत ॲमस्टरडॅम येथील वैद्य योहान मेझगर यांनीं हस्तक्रियांची पद्धतशीर वर्गवारी केली: लांबवर हात फिरविणें, मळणें, घासणें व थोपटणें. माणसांवर रुळलेल्या या क्रिया पुढें शर्यतीच्या व स्वारीच्या घोड्यांवर करून पाहण्यांत आल्या; अमेरिकन मर्दनतज्ज्ञ जॅक मीगर यांचें घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवरील पुस्तक १९८५ सालीं निघालें. त्यानंतर कुत्र्यांचें मर्दन हा अनेक देशांत स्वतंत्र व्यवसाय बनला.

येथें एक भेद आवर्जून सांगितला पाहिजे. मालीश म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांपुढें तेलाची वाटी येते. कुत्र्याचें मर्दन मात्र कोरड्या हातानेंच करावयाचें असतें. तेलानें केस चिकटतात, त्यांवर धूळ बसते, आणि अंगाला लागलेलें सर्व कांहीं कुत्रा चाटून पोटांत घेतो. सुगंधी अर्क व झोंबणारे मलम तर मुळींच लावूं नयेत.

क्रिया साधीच आहे. तिचें सारें मर्म सावकाशपणांत आहे. जेवण झाल्यावर लगेच किंवा खेळून धापा टाकीत असतांना कुत्र्याला हात लावूं नये. शांत वेळीं सतरंजीवर त्याला आपखुषीनें पडूं द्यावें. धरून ठेवूं नये. प्रथम तळहात मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केसांच्या दिशेनें चार-सहा वेळां हलकेच फिरवावा. यांत दाब नसावा. हातानें केवळ पाहावयाचें असतें. कोठें ऊन लागतें, कोठें कातडी थरथरते, कोणता स्नायु दोरीसारखा ताठ आहे आणि कोणती मांडी दुसरीहून बारीक आहे, हें बोटांना समजूं लागतें. मग खांदे व मांड्या यांचे मांसल भाग तळहातानें व बोटांनीं हळूहळू चेपावे. कणीक मळावी तसे, पण तिच्याहून पुष्कळच हलक्या हातानें. पायांवर हात पंजाकडून वर, हृदयाच्या दिशेनें न्यावा. पाठीच्या कण्यावर कधींहि दाब देऊं नये; कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरच काम करावें. दुखऱ्या सांध्यावर सरळ न जातां त्याच्या भोंवतालच्या स्नायूंना आराम द्यावा. दहा-पंधरा मिनिटें पुरेशीं होतात.

दाब किती असावा, हें ठरविण्याचा अधिकार कुत्र्याचा आहे. त्यानें सुस्कारा सोडला, डोळे मिटत आणले, मान खालीं टाकली, म्हणजे हात बरोबर चालला आहे. उलट ओठ चाटणें, वारंवार जांभई देणें, मान वळवून हाताकडे पाहणें, अंग चोरणें किंवा उठून जाणें, हा त्याचा नकार होय. गुरगुरण्यापूर्वींचे हे सौम्य शब्द ज्याला ऐकूं येतात, त्याला कुत्रा सहसा चावत नाहीं.

आतां या उपचारानें होतें काय? झिजलेली कूर्चा मर्दनानें भरून येत नाहीं. उथळ खोबण खोल होत नाहीं. सरकलेली चकती जागेवर बसत नाहीं. 'शरीरांतील विषें निघून जातात' हा पुष्कळदां केला जाणारा दावाहि निराधार आहे. आंवळलेले स्नायू सैलावतात, कुत्र्याचें मन शांत होतें आणि कांहीं काळ त्याची हालचाल सुकर होते. इतकाच याचा पल्ला. कुत्र्यांवरील शास्त्रीय प्रयोग अद्याप थोडे आहेत. म्हणून पशुवैद्याच्या उपचाराला जोड, एवढेंच स्थान मर्दनाला द्यावें. इंग्लंडांत १९६६ च्या कायद्यानें जनावरांचें रोगनिदान व उपचार हें पशुवैद्याचें काम ठरविलें आहे, आणि आजारी जनावरावर मर्दनासारखे उपचार इतरांनीं करावयाचे ते पशुवैद्याच्या अनुज्ञेनेंच, असा तेथील दंडक आहे.

हा दंडक आपणहि पाळावा, कारण कांहीं प्रसंगीं मर्दन अपायकारक ठरतें. ताप, उघडी जखम, कातडीचा संसर्ग, गरम सूज, मोडलेलें हाड किंवा निदान न झालेली गांठ असतां हात लावूं नये. मागचे पाय एकाएकीं लुळे पडले, तर चोळीत बसणें म्हणजे मोलाचे तास गमावणें होय. अशा कुत्र्याला सपाट फळीवर निजवून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. आपल्या हवेंत आणखी एक धोका आहे, तो गोचिडांपासून होणाऱ्या तापाचा. त्यांतहि कुत्रा लंगडतो, त्याचे सांधे दुखतात. परंतु त्याच्या रक्तांतील बिंबाणू, म्हणजे रक्त गोठविणारे कण, कमी झालेले असतात. अशा वेळीं जोरानें रगडल्यास कातडीखालीं रक्त साकळतें. म्हणून लंगडणाऱ्या कुत्र्याचें आधीं निदान व मग मर्दन, हा क्रम सोडूं नये. तसेंच दया येऊन माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला देऊं नयेत. आयब्युप्रोफेननें कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. माणसाच्या मात्रेंत दिलेलें पॅरासिटामॉलहि त्याला विषासारखें बाधूं शकतें.

हाताबरोबर ताटाकडेहि पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडींतील एकाला दुसऱ्याहून २५ टक्के कमी अन्न देऊन, त्यांचें जन्मभर निरीक्षण करण्यांत आलें. त्याचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. मित अन्न खाणारीं कुत्रीं सरासरीनें पावणेदोन वर्षांहून अधिक काळ जास्त जगलीं, आणि त्यांना संधिवाताचा त्रासहि उशिरां सुरू झाला. प्रेमानें भरविलेली प्रत्येक जादा पोळी अखेर त्याच्या खुब्यांनाच वाहावी लागते. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरणें, उंच उड्या टाळणें आणि रोज थोडें, पण नियमित फिरविणें, हे उपायहि मर्दनाइतकेच मोलाचे आहेत.

हेलसिंकी विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं कुत्र्यांची जुनाट वेदना मोजण्यासाठीं ११ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचीं उत्तरें पशुवैद्यानें नव्हे, तर कुत्र्याच्या धन्यानें द्यावयाचीं असतात: तो आनंदी असतो काय, खेळतो काय, बसतां-उठतांना त्याला त्रास होतो काय. मुक्या जनावराचा खरा साक्षीदार त्याच्या घरचा माणूसच, हें तत्त्व त्यांत मान्य झालें आहे. ज्या घरांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां कोणी शांतपणें कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवितें, तेथें नवी गांठ, नवी सूज, रोडावलेली मांडी महिनोन्महिने लपून राहत नाहीं. मर्दनानें त्याला घटकाभर आराम मिळतो, हा लाभ आहेच. पण त्याचें दुखणें वेळेवर कळतें व पशुवैद्याच्या कानीं जातें, हा त्याहून मोठा लाभ होय.