पेशीपटलातले स्निग्ध रेणू: फॉस्फोलिपिड आणि स्फिंगोलिपिड

पाण्यात तेल ओतले की ते वर तरंगते. त्यात अंड्याचा बलक घालून घुसळले की दोन्ही एकजीव होतात. त्यात मोठा वाटा बलकातल्या लेसिथिनचा. लेसिथिन हे फॉस्फोलिपिड आहे, आणि त्याचे नाव बलकासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडले. याच कुळातले रेणू आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचे पटल घडवतात.

फॉस्फोलिपिडची रचना

ग्लिसेरॉलच्या तीन कार्बनपैकी दोनांवर मेदाम्ले बसतात. तिसऱ्यावर फॉस्फेट असते आणि त्याला कोलीन, सेरीन, इनॉसिटॉल असा एखादा गट जोडलेला असतो. फॉस्फेटचे हे डोके पाण्यात रमते, मेदाम्लांच्या शेपट्या पाणी टाळतात. म्हणून पाण्यात हे रेणू दोन थरांत लागतात: डोकी बाहेर, शेपट्या आत.

१९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतले स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर एकेरी थरात पसरले. त्यांनी व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. पटल दुहेरी असल्याचा हा पहिला पुरावा.

स्फिंगोलिपिडची रचना

इथे ग्लिसेरॉलच्या जागी १८ कार्बनचे स्फिंगोसीन असते. त्याला मेदाम्ल जोडले की सिरॅमाइड तयार होते. सिरॅमाइडवर फॉस्फोकोलीन बसले तर स्फिंगोमायलिन, एक साखर बसली तर सेरेब्रोसाइड आणि सायलिक आम्ल असलेली साखरेची साखळी बसली तर गँग्लिओसाइड. मेंदूचे रसायन तपासणाऱ्या थुडिखुम यांना स्फिंगोसीनचे कोडे उलगडेना, म्हणून १८८४ साली त्यांनी कोडे घालणाऱ्या स्फिंक्सचे नाव त्याला दिले.

शरीरातले काम

स्फिंगोलिपिड मज्जातंतूंच्या आवरणात भरपूर असतात. त्वचेच्या वरच्या थरातले सिरॅमाइड अंगातले पाणी उडू देत नाही.

फॉस्फोलिपिडचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते नवजात बाळाच्या पहिल्या श्वासात. फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्या पृष्ठताणामुळे श्वास सोडताना कोश मिटू पाहतात. सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ हा ताण कमी करतो, आणि त्याचा मुख्य घटक एक लेसिथिनच आहे. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेले बाळ श्वासासाठी झगडू शकते, याचे कारण सर्फॅक्टंटची कमतरता असल्याचे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ साली दाखवले. आता मुदतीपूर्वी प्रसूतीची शक्यता दिसली की सर्फॅक्टंट लवकर तयार व्हावा म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, आणि गरज पडल्यास बाळाच्या श्वासनलिकेतून सर्फॅक्टंट सोडतात.

घडण आणि विघटन

दोन्ही कुळांची घडण पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत सुरू होते. लेसिथिनसाठी कोलीन आधी सीडीपी-कोलीनच्या रूपात सक्रिय होते. हा मार्ग यूजीन केनेडी यांनी १९५०च्या दशकात उलगडला. स्फिंगोलिपिडची सुरुवात सेरीन आणि पामिटॉइल-कोए यांच्या जोडणीने होते. पुढे गॉल्गी संकुलात सिरॅमाइडचे स्फिंगोमायलिन होते.

फॉस्फोलिपिड तोडण्याचे काम फॉस्फोलायपेज एन्झाइम करतात. फॉस्फोलायपेज ए२ हा ग्लिसेरॉलच्या मधल्या कार्बनवरचे मेदाम्ल सोडवतो. ते अ‍ॅराकिडोनिक आम्ल असेल तर त्यापासून दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन बनतात. नाग आणि घोणस यांच्या विषातही हाच एन्झाइम असतो आणि तो दंश झालेल्याच्या पेशींची पटले फोडतो.

विघटन अडले तर

स्फिंगोलिपिड पेशीतल्या लयकारिकांमध्ये (लायसोसोममध्ये) पायरीपायरीने तुटतात. एका पायरीचा एन्झाइम जन्मतः नसला किंवा कमी पडला, की त्याच्या अलीकडचा पदार्थ पेशीत साचत जातो. गोशे रोगात ग्लुकोसेरेब्रोसाइड साचून प्लीहा आणि यकृत वाढते. नीमन-पिकच्या ए आणि बी प्रकारांत स्फिंगोमायलिन साचते. टे-सॅक्समध्ये मेंदूत गँग्लिओसाइड साचून बाळ शिकलेल्या हालचालीही विसरू लागते. गोशेवर बाहेरून एन्झाइम देण्याचा उपचार १९९१पासून आहे, पण टे-सॅक्सवर अजून तसा उपाय नाही.

हे तिन्ही रोग आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील तरच मुलात उतरतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला २५ टक्के धोका असतो. नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची रीत काही समाजांत अजून आहे. घरात असा आजार होऊन गेला असेल, तर लग्नाआधी किंवा गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशकाला जरूर भेटा.