आरसा, कागद आणि पडदा

स्वतःचा चेहरा आपण रोज पाहतो. पण ते पाहणे बहुधा भांग सरळ पडला आहे की नाही, एवढ्यापुरतेच असते. डोळ्यांमधले अंतर किती, ओठांची कोणती बाजू किंचित खाली उतरते, असे कोणी विचारले तर पुन्हा आरशाकडे जावे लागते. आत्मचित्राचा, म्हणजे स्वतःचे चित्र स्वतः काढण्याचा, खरा आरंभ या अडचणीपासून होतो.

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, भरे हे गाव आहे. भाताची खाचरे रिकामी असण्याच्या दिवसांत आम्ही तेथे एका स्नेह्यांकडे राहिलो होतो. त्यांची मुलगी चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा दिलेली. तिला स्वतःचे चित्र काढायचे होते. "काका, कागदावर काढू की टॅबवर?" असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, "दोन्हींवर काढ, पण आधी कागदावर." असे का म्हणालो, ते येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आरशाचा स्वभाव ओळखला पाहिजे. एक डोळा मिटून, आरशावर साबणाच्या वडीने आपल्या चेहऱ्याची कड आखावी आणि मोजावी. ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते! आपण मागे सरलो तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण आरशाची काच नेहमी आपण आणि आपले प्रतिबिंब यांच्या बरोबर मध्यावर असते. दुसरे असे की, आरशातला चेहरा जगाला दिसतो त्याच्या उलट बाजूचा असतो. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने 1484 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, आरशात पाहून स्वतःचे रेखाटन केले. रेम्ब्रांटने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आपला चेहरा पुनःपुन्हा रंगविला. या सर्वांजवळ साक्षीदार एकच होता, तो म्हणजे आरसा.

1839 मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि दुसरा साक्षीदार आला. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंनी या साक्षीदाराला लौकरच रंगाची जोड दिली. फोटो निघे काळापांढरा; चित्रकार त्यावर हाताने रंग चढवी, जर काढी आणि गिऱ्हाईकाची इच्छा असेल तर वर्णही उजळ करी. यंत्र आणि कुंचला यांचा संयोग काही कालपरवाचा नव्हे. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी 1994 मध्ये 'बॉम्बे बकॅनियर' हे आत्मचित्र केले, ते 'बाझीगर' चित्रपटाच्या पोस्टरवरून. त्यातील गॉगलच्या काचांत भूपेन खख्खर आणि डेव्हिड हॉकनी हे दोन चित्रकार दिसतात. योगायोग असा की, याच हॉकनींनी पुढे, सत्तरी ओलांडल्यावर, आयपॅड हाती घेऊन 2012 मध्ये त्यावर आत्मचित्रे काढली.

आता भऱ्याच्या त्या मुलीची कृती सांगतो. खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असे बसून तिने आरशात पाहत पेन्सिलीने चित्र काढले. चुकलेल्या रेघा पुसू नकोस, असे आम्ही बजावले होते. मग उन्हात नव्हे, तर सावलीच्या सारख्या उजेडात कागद सपाट ठेवून त्याचा फोटो घेतला आणि तो टॅबवर चढविला. टॅबवरील चित्राचे थर असतात. काचेच्या तावदानांवर वेगवेगळे रंग देऊन ती एकावर एक ठेवावीत, तसा हा प्रकार. तिने रेखाटनाचा थर वर ठेवला, त्यातला पांढरा कागद पारदर्शक होईल अशी योजना केली आणि खालच्या थरांवर रंग भरले. एक रंग पसंत पडला नाही तर तेवढा थर बदलावा. रेघेला धक्का लागत नाही. ही सोय कागदावर नाही.

यानंतर तुलनेसाठी तिचा फोटो घेतला, तो पाचसहा फुटांवरून. कारण हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात. फोटो आणि चित्र शेजारी ठेवले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मुलीच्या डाव्या भुवईवर एक वण आहे. चित्रात तो होता, फोटोत नव्हता! चेहरा नितळ करण्याची फोनमधली योजना चालू राहिली होती. तिने तो परस्पर पुसला होता आणि वर्णही थोडा उजळ केला होता. मुलगी म्हणाली, "असाच बरा दिसतो. चित्रातला पण काढून टाकू का?"

तिची आजी जवळच तांदूळ निवडत होती. तिने चित्र हाती घेतले आणि म्हणाली, "अगं, वण या बाजूला कुठे? माझ्यासमोर बसतेस तेव्हा तो पलीकडे असतो. उंबऱ्यावर आपटलीस, तेव्हा मीच हळद दाबून धरली होती."

आरशाने वण दाखविला, पण बाजू उलटी. फोनने बाजू बरोबर दाखविली, पण वण नाहीसा केला. एकट्यावर विसंबले असते तर चित्र फसले असते. दोन माध्यमे जोडण्याचा लाभ आम्ही यातच मानतो. सफाई आणि झटपटपणा हे त्याचे गौण फायदे आहेत. जेथे दोन साक्षी जुळत नाहीत, तेथे चेहऱ्याकडे पुन्हा पाहावे लागते, आणि आत्मचित्र त्या पुन्हा पाहण्यातून घडते.

मुलीने टॅबवर चित्राची बाजू फिरविली. मग ते जाड कागदावर छापून आणले. ए-चार आकाराला इंचास 300 ठिपके धरले, तर चित्र 2480 बाय 3508 ठिपक्यांचे असावे लागते. त्याहून फार लहान असेल तर छपाई फुटते. छापलेल्या चित्रावर जलरंग द्यावयाचे असतील तर कोपऱ्यावर थेंबभर पाणी टाकून पाहावे. काही शाया पसरतात. पिगमेंट शाई बहुधा टिकते. तिने केसांत आणि गळ्याखाली रंगाचे हलके हात दिले आणि शेवटी बारीक कुंचल्याने वण काढला. तो कोणी काढायला सांगितला नव्हता.

टॅबवर चूक एका बोटाने मागे घेता येते आणि तिचा मागमूस राहत नाही. म्हणून पहिले रेखाटन जपून ठेवावे, असे आम्ही सुचवितो. त्या मुलीने ते छापील चित्राच्या मागे चिकटविले आहे. आजीने मात्र चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी वण बरोबर बाजूला आला की नाही, ते एकदा नीट पाहून घेतले.